एक खोका, एक सायकल आणि बाबा

"कितीची घेतली?"

"चौदा हजारांची."

बाबांनी सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत सायकलीकडे. "चौदा हजारांत स्कूटीचं डाउन पेमेंट होते. माही अ‍ॅटलस चारशेची होती. एकोणीस वर्षं चालली," एवढंच म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

सायकल अडतीस हजारांची होती. खोटं बोलले, कबूल! पण तुम्हीच सांगा, आपल्यापैकी कितीजण घरी मोबाइलची खरी किंमत सांगतात? बुटांची? मध्यमवर्गीय घरात प्रत्येक वस्तूची एक दुकानातली किंमत असते आणि एक घरात सांगायची. माझ्या केसमध्ये दोन्हींत चोवीस हजारांचा फरक होता, बस्स.

पण खोट्याचं एक असतं, ते एकटं राहत नाही. सायकल घेतल्यावर वर्षभरात माझ्या डोक्यात एक भन्नाट किडा शिरला. बेसा ते गोवा सायकलनं जायचं. आणि येताना सायकलसकट विमानानं परत यायचं.

बेसा म्हणजे नागपूरचं दक्षिणेकडचं टोक. (पुण्यातले मित्र अजूनही ‘बेसा की बेसन?’ असं विचारून स्वतःच हसतात.) आम्ही २००९ मध्ये इथं राहायला आलो तेव्हा बाल्कनीतून शेतं दिसायची. आता समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंचा टीव्ही दिसतो, मालिकेचा एपिसोड चुकला तरी चालतं. विमानतळ इथून आठेक किलोमीटर. विमानं डोक्यावरून जातात आणि चहा पिता पिता वर न बघता ‘हे मुंबईचं’, ‘हे दिल्लीचं’ सांगायची बाबांना सवय आहे. बरोबर सांगतात की नाही, देव जाणे. ते स्वतः कधी विमानात बसलेले नाहीत.

मी फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे सुट्टी कधीही, पैसे कधीकधी. मास कॉमच्या बॅचमधले निम्मे पुण्यात, उरलेले मुंबईत आणि मी बेस्यात. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ एकट्यानं पूर्ण केली, त्यानंतर आमच्या गावात पहाटे पाचला हेल्मेट घालून हिंडणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. त्यातलीच मी एक. एक दोनशे किलोमीटरची ब्रेव्हेसुद्धा मारली होती, साडेतेरा तासांच्या मर्यादेत, शेवटचा तास रडत. म्हणजे पाय होते. प्रश्न बाकीच्या गोष्टींचा होता.

टूर प्लॅन करायला बसलं की पहिला शोध लागतो तो असा, की सल्ला फुकट मिळतो आणि तो बहुतेक कारवाल्यांचा असतो. "समृद्धीनं जा ना, मस्त रोड आहे!" हे मला सहा जणांनी सांगितलं. अरे बाबांनो, समृद्धी महामार्गावर दुचाकीलाच परवानगी नाही, सायकल कुठून चालेल? आणि तो जातो मुंबईकडे! नागपूर-गोव्यासाठी शक्तिपीठ महामार्ग आखला गेला, वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटर. त्याला कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्यांनी जमिनीसाठी विरोध केला, तो विषय वेगळ्या लेखाचा. माझ्या कामाचा रस्ता निघाला साधा, राष्ट्रीय महामार्ग ३६१. बुटीबोरीला सुरू होतो, वर्धा, यवतमाळ, उमरखेड, नांदेड, लातूर करत थेट तुळजापूरला संपतो. निम्म्याहून जास्त टूर एकाच रस्त्यावर! मग सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी आणि गोवा. सगळे मिळून हजार किलोमीटरला थोडे कमी.

दिशाही मुद्दाम हीच ठेवली. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर आहे, आंबोली सातशेच्या जवळपास. म्हणजे बेस्याहून निघालं की आठ-नऊ दिवस कळेल न कळेल असं चढत जायचं आणि शेवटी घाटातून एकदम खाली, समुद्राकडे. उलटं केलं असतं तर दुसऱ्याच सकाळी आंबोली चढावी लागली असती. शिवाय हिवाळ्यात वारा साधारण ईशान्येकडून येतो, म्हणजे पाठीवर. आणि विदर्भ-मराठवाड्यात सायकल चालवायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच खिडकी. म्हणून संक्रांतीनंतरचा मुहूर्त धरला, जानेवारी २०२५. आईनं एनर्जी बारऐवजी दोन किलो तिळाच्या वड्या दिल्या. खरं सांगते, त्या बारपेक्षा सरस निघाल्या.

जायचं ठरवायला एक संध्याकाळ पुरली. यायचं ठरवायला दीड महिना लागला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मामेभावाचं लग्न होतं. आईची अट सिंपल होती, "हळदीच्या आधी घरात पाहिजे, आणि नाक सोललेलं नको." रेल्वेनं सायकल आणता येते, ब्रेकव्हॅनमध्ये बुक करून. पण गोव्याहून नागपूरची गाडी रोज नाही, आणि आपण ज्या गाडीत बसू त्याच गाडीत सायकल चढेल याची खात्री पार्सल ऑफिसातला कोणीही देत नाही. ट्रॅव्हल्सच्या बसच्या डिकीत टाकायची तर दोन गाड्या बदलायच्या आणि दोनदा ड्रायव्हरशी घासाघीस. उरलं विमान. दीड-पावणेदोन तास आणि थेट आपल्या घराच्या डोक्यावर!

आता इथं जरा थांबते, कारण हे वाचून तुमच्यातला एखादा लगेच तिकीट काढेल. तिकीट काढण्याआधी तीन फोन करा. पहिला विमान कंपनीला, सायकल घेता का आणि किती पैसे, कारण प्रत्येकीचं गणित वेगळं असतं आणि ते बदलत राहतं. विमान कोणतं आहे तेही विचारा. पंख्यावाली छोटी एटीआर असेल तर सामानाचा दरवाजा लहान असतो, सायकलचा खोका आत जाईलच असं नाही. दुसरा फोन, कुठल्या विमानतळावरून, हे नक्की करायला. गोव्याला दोन विमानतळ आहेत. दाबोळी दक्षिणेला वास्कोजवळ आणि जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेला मोपा उत्तरेला पेडण्यात. सावंतवाडीहून उतरणाऱ्या सायकलवाल्याला मोपा वाटेतच लागतो. दाबोळी म्हणजे आणखी जवळजवळ एका दिवसाचं पेडलिंग. माझी बोटं सवयीनं दाबोळीवर क्लिक करत होती, वाचले.

तिसरा फोन खोक्यासाठी. ‘खोका’ म्हटलं की २०२२ पासून महाराष्ट्रात लोक डोळा मारतात. मी पुठ्ठ्याचा म्हणतेय! नवीन सायकली कारखान्यातून ज्या लांबट पुठ्ठ्याच्या खोक्यात येतात, तोच विमानासाठी उत्तम. दुकानदार तो रद्दीत घालतात, मागितला तर शंभर रुपयांत देतात. गोची अशी, की हा खोका तुम्हाला टूर संपते तिथं लागतो आणि तुम्ही तो सायकलवर बांधून नेऊ शकत नाही. मग मी म्हापशातल्या एका दुकानाला फोन लावला. "हो मॅडम, ठेवतो." माझं काम फत्ते!

बाबांना मात्र कसं सांगायचं? शेवटी जेवताना सांगितलं, आमटी वाढता वाढता, सहज विषय निघाल्यासारखं.

"सायकल. विमानानं?" बाबांचा घास हातातच राहिला. "काहून?"

"लग्नाआधी पोचायला हवं ना बाबा."

"सायकलीनं माणसाला आणायचं असते. इथं माणूस सायकलीला आणून राहिलं." आणि मग आईकडे बघून, जणू मी तिथं नाहीच, "आपण सायकल सुटावी म्हणून जिंदगी घातली. हिला हौस आली."

हे हौसेचं वाक्य मला फार लागलं. कारण ते खरं होतं.

बाबा १९८६ मध्ये हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागले. घर मानेवाड्याला. सायकलनं तेरा किलोमीटर जायचं, तेरा यायचं. पावसात प्लास्टिक, थंडीत कानटोपी आणि मे महिन्यात डोक्याला दुपट्टा नि खिशात कांदा, लू लागू नये म्हणून. २००५ मध्ये स्कूटर आली, तेव्हा आईनं स्कूटरला हार घातला आणि अ‍ॅटलस कुणा चौकीदाराला देऊन टाकली. मी आठ वर्षांची होते. पुढच्या दांड्यावर टॉवेल गुंडाळलेली माझी जागा गेली म्हणून रडले होते. बाबा मात्र त्या दिवशी इतके खूश होते की आम्हाला सगळ्यांना बर्डीवर आइसक्रीम मिळालं. आमच्या पिढीला सायकल म्हणजे फिटनेस, ग्रीन लिव्हिंग, इन्स्टावर फोटो. त्यांच्या पिढीला सायकल म्हणजे परिस्थिती. परिस्थितीतून बाहेर पडायला त्यांना एकोणीस वर्षं लागली आणि मी पैसे मोजून परत तिच्यात शिरत होते. वर तिला विमानात बसवणार होते.

नंतर ते त्या विषयावर बोलले नाहीत. एकदा फक्त मी विचारलं, "बाबा, पेडल काढता येतात का हो? खोक्यात घालायला काढावी लागतात."

"डावं उलटं फिरते," ते टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "जोर लावत बसशील, अजून घट्ट होईल."

सतरा जानेवारीला पहाटे निघाले. आई गेटपर्यंत आली, बाबा आंघोळीला गेले होते. इतक्या लवकर ते कधी आंघोळ करत नाहीत.

रस्त्याबद्दल मी दहा पानं लिहू शकते, पण तुम्हाला सोमवारी ऑफिस आहे. पहिले दोन दिवस घरचेच वाटले, वर्धा आणि यवतमाळ. तिसऱ्या दिवशी आर्णी, महागाव करत उमरखेडपर्यंत शंभरावर किलोमीटर. चौथ्या दिवशी पैनगंगेचा पूल ओलांडला आणि विदर्भ संपला, तर पलीकडच्या हॉटेलात चहावाल्यानं विचारलं, "कुठून आलाव?" तेवढ्या एका ‘आलाव’नं आपण खरंच लांब आलोय असं वाटलं, नकाशानं नाही वाटलं. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात राहिले, लंगरमध्ये जेवले आणि तिथं एक दिवस पूर्ण आराम केला. प्लॅनमध्ये असा एक रिकामा दिवस ठेवाच. माझा गुडघ्याला गेला, तुमचा पंक्चरला जाईल, पण जाईलच.

लोक काय विचारतात? ‘एकटीच?’ हा प्रश्न पहिला, दर चहाला. दुसरा मात्र मी अपेक्षित धरला नव्हता. "गाडी नाही का घरी?" अर्धापूरजवळ रसवंतीवाल्या आजींनी हा प्रश्न इतक्या मायेनं विचारला, की मी ‘आहे’ म्हणायला लाजले. त्यांनी रसाचे पैसे घेतले नाहीत. अडतीस हजारांच्या सायकलवर बसलेल्या मुलीला, परिस्थिती समजून, फुकट रस! बाबांना फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "पैसे द्यायचे होते."

लातूर-औसा पट्ट्यात रस्ता सरळ आहे, डोकं रिकामं राहतं. तिथं मला वेदांगी कुलकर्णीची गोष्ट आठवली. पुण्याची ही मुलगी २०१८ मध्ये सायकलनं जगाला फेरी मारायला ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघाली. १५९ दिवसांत २९,००० किलोमीटर, वय वीस. डिसेंबरमध्ये कोलकात्यात तिचे किलोमीटर पूर्ण झाले, पण जिथून सुरुवात तिथंच शेवट हवा, म्हणून विमानानं परत पर्थला जाऊन उरलेले पंधरा किलोमीटर चालवायचे होते! पंधरा किलोमीटरसाठी सायकल विमानात. माझा आठ किलोमीटरचा हट्ट एकदम शहाणा वाटायला लागला.

आणि मग, चाळाच म्हणून, बाबांचा हिशेब केला. रोजचे सव्वीस. वर्षाचे तीनशे दिवस धरले. एकोणीस वर्षं. एक लाख अठ्ठेचाळीस हजार दोनशे किलोमीटर.

मी सायकल बाजूला लावली आणि मोबाइलवर परत गुणाकार केला. तेवढाच आला. २९,००० च्या पाच फेऱ्या, वर थोडे शिल्लक. माझ्या हजाराचं मला इतकं कौतुक होतं, आणि आमच्या घरात एक माणूस पाच वेळा जगाला फेरी मारून आला होता. मानेवाडा ते हिंगणा, हिंगणा ते मानेवाडा. कुणी मेडल दिलं नाही, त्यांनाही ते पाहिजे होतं असं नाही. त्यांना स्कूटर पाहिजे होती.

सोलापूरच्या पुढे मंगळवेढ्याची ज्वारी, सांगोल्याची डाळिंबं आणि मिरजेपासून उसाचे ट्रॅक्टर. गाळपाच्या हंगामात तिकडे सायकलवाल्यानं जरा जपूनच. ट्रॅक्टरला मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर आलेला आणि आत इतक्या जोरात गाणी, की तुमची घंटी ऐकू जायचा प्रश्नच नाही. मी दर वेळी मातीत उतरून उभी राहायचे. कोल्हापुरात मिसळ खाल्ली आणि नागपूरच्या तर्रीपुढे ती सौम्य आहे असं बोलून बसले, त्यावर हॉटेलमालकांनी कटाचं आणखी एक वाढपं घालून माझं मत बदललं.

आंबोलीचा घाट पहाटे उतरले. धुकं, गारठा आणि ब्रेक दाबून दाबून बधिर झालेली बोटं. सावंतवाडीत पहिल्यांदा दमट हवा अंगाला लागली. बांद्यानंतर पत्रादेवी, मग म्हापसा, मैत्रिणीचं घर. अकरावा दिवस. झालं!

झालं कसलं? दुसऱ्या दिवशी सकाळी खोका आणायला गेले. दुकानातल्या पोऱ्यानं डोकं खाजवलं. "तो काल रद्दीवाल्यानं नेला."

फ्लाइट संध्याकाळी सातची. सकाळचे दहा. तीन दुकानं फिरले. एकाकडे लहान मुलांच्या सायकलचा खोका होता. शेवटी एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून मोठ्या टीव्हीचे दोन खोके मिळाले. मैत्रीण, मी, चार रोल सेलोटेप आणि कात्री. एकात एक सरकवून एक ओबडधोबड पेटी तयार झाली, बघून हसू यावं अशी. पुढचं चाक काढलं, सीट खाली, हँडल फिरवून फ्रेमला बांधलं, फ्रेमवर जुने टॉवेल. उरली पेडल.

याच क्षणाची मला दीड महिना धास्ती होती. पेडल वर्षानुवर्षं काढली नाहीत तर गंजून बसतात, मोठमोठे पैलवान हरतात. पंधरा नंबरचा पाना आणि ‘डावं उलटं’ हा मंत्र एवढ्यावर मी होते. (हा उलटा आटा का, तर चालवताना डावं पेडल आपोआप सैल होऊ नये म्हणून. १९०० मध्ये अशा ‘न सुटणाऱ्या’ पेडलची घोषणा करणाऱ्या सायकलवाल्या दोघा भावांनी तीन वर्षांनी विमान उडवलं. हो, तेच, राइट बंधू!) पाना लावला, दात-ओठ खाल्ले, जोर केला आणि जवळजवळ तोंडावर आपटले. पेडल लोण्यातून सुरी काढावी तसं सुटलं. उजवंही तसंच.

आट्यावर ताजं पिवळं ग्रीस होतं.

मी ते लावलं नव्हतं. दुकानात सर्व्हिसिंग करताना पेडलला हात लावला नव्हता, समोर उभी होते. आमच्या घरात ग्रीसचा डबा एकच, बाल्कनीतल्या कपाटात, बाबांच्या जुन्या अवजारांमागे.

मैत्रीण म्हणाली, "काय झालं? लागलं का?" मी म्हटलं, नाही गं, सेलोटेप दे.

विमानतळावरचं फार सांगत नाही, तुम्हालाही पुढेमागे जावं लागेल. खोका टॅक्सीच्या टपावर बांधून मोप्याला पोचले. वजन एकोणीस किलो, फुकट पंधरा. जास्तीचं सामान अधिक सायकलचा चार्ज मिळून तेवीसशे रुपये. काउंटरवरच्या मुलीनं टायरची हवा कमी केली का विचारलं. खरं तर सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो, टायर फुटत नाही, पण नियम तो नियम, वाद घालू नका, घरीच हवा सोडून या. पाने, स्क्रू ड्रायव्हर खोक्यात. पॉवर बँक मात्र कधीही खोक्यात नाही, हातातल्या बॅगेत. माझी वीस हजार एमएएचची, म्हणजे सुमारे ७४ वॉट-अवर, शंभरच्या आतली चालते. ‘सामान तुटल्यास जबाबदारी नाही’ अशा कागदावर सही घेतली. मग माझी पेटी मोठ्या सामानाच्या एक्स-रेकडे गेली. आतल्या जवानानं स्क्रीन बघितला, मला बघितलं. "साइकिल? कहाँ से आयी हो?" नागपूर म्हटल्यावर त्यानं बाजूच्याला बोलावून परत स्क्रीन दाखवला.

अकरा दिवस वर आलेले सगळे चढ खिडकीतून अंधारात गेले. सोलापूर कुठलं, लातूर कुठलं, काही कळलं नाही. चहा येऊन जाईपर्यंत ‘कुर्सी की पेटी बाँध लें’!

नागपूर विमानतळाला रात्रीच्या पार्सलांची जुनी सवय आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री इथं उतरून थैल्यांची अदलाबदल करून माघारी जायची. माझं पार्सल बेल्टवर आलं ते एका कोपऱ्यात फाटून, आतून चेन लोंबकळत. ट्रॉलीवर आडवं टाकून बाहेर आले.

बाबा उभे होते. हातात हल्दीरामची पिशवी. मला वाटलं खायला आणलंय. आत पाने होते.

"तुम्ही कशाला आलात? मी आले असते ना."

"चाक कोण पकडन?"

पार्किंगच्या दिव्याखाली आम्ही खोका उघडला. बाबा उकिडवे बसले. मागच्या गिअरचा हात थोडा वाकला होता, त्यांनी एक डोळा मिटून पाहिला, बोटांनी हळूच सरळ केला. अ‍ॅटलसला गिअर नव्हते, तरी. डावं पेडल उलटं फिरवून बसवलं. मी चाक धरून उभी होते, लहानपणी टॉर्च धरायचे तशी. हवा भरताना त्यांची नजर खोक्यावर चिकटवलेल्या पावतीवर गेली. चष्मा वर करून वाचली.

"तेवीसशे?"

"हो."

"फक्त आणायचे?"

"हो बाबा."

पंपाचे चार-पाच दट्टे झाले. आता बोलले नाही तर कधीच नाही, असं वाटलं. "बाबा, सायकल चौदाची नाही. अडतीसची आहे."

ते हवा भरत राहिले. टायर अंगठ्यानं दाबून पाहिला. मग उठले, गुडघे धरून, आणि हात रुमालाला पुसले.

"माही अ‍ॅटलस साडेसहाशेची होती," म्हणाले. "आबाले चारशे सांगितले. म्हटलं, ओरडतीन."

"एवढी वर्षं आम्हाला पण चारशेच सांगितलं तुम्ही!"

"मंग? आबाले एक अन् तुले एक सांगू?"

खोका टाकून द्यायला निघाले तर त्यांनी हातातून घेतला. नीट घडी करून, सुतळीनं बांधून स्कूटरच्या पायाजवळ उभा केला. मी सायकलवर, ते मागे स्कूटरवर. वर्धा रोडला लागलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते, मेट्रोच्या पुलाखाली कुत्री सोडून कोणी नाही. त्यांच्या हेडलाइटनं माझी लांबच लांब सावली पुढे पडली होती. मनीषनगरच्या पुलाचा चढ आला आणि मागून आवाज आला, "हलका कर गिअर! हलका!"